४६ जणांच्या विभागात ‘अनामिक’ प्रश्नावली: मानसशास्त्राच्या एका पदवी प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

लहान कॉलेजातले मानसशास्त्राचे पदवी प्रकल्प ज्या जागी हमखास अडतात, त्या जागा एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे. ते कुठल्याही एका कॉलेजचं किंवा विद्यार्थिनीचं नाही. यातली पटसंख्या, गुण आणि सरासऱ्या हिशेब नीट दिसावा म्हणून घेतल्या आहेत. चाचण्या, नियम आणि मूळ संशोधनाचे तपशील मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

परिस्थिती

विभागात दोन शिक्षक. पहिल्या वर्षाला १९, दुसऱ्याला १५, तिसऱ्याला १२, असे मिळून ४६ विद्यार्थी. समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस येतात. नैतिकता समिती नाही. मार्गदर्शकांनी विषयाला होकार दिला की काम सुरू. अहवाल द्यायला १४ आठवडे हातात.

तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विषय घेतला: नैराश्याची लक्षणं आणि परीक्षेतले गुण यांचा संबंध. पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली ऑनलाइन फॉर्मवर टाकायची, सोबत वर्ष, वय, लिंग, राहण्याची सोय (घर की वसतिगृह) आणि मागच्या सत्राचे गुण विचारायचे, फॉर्मचा दुवा वर्गांच्या गटांवर पाठवायचा आणि आलेल्या आकड्यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबतीने बदलतात ते सांगणारा −१ ते १ मधला आकडा) काढायचा, एवढाच आराखडा. प्रश्नावलीची निवड विचार करून केलेली होती. पीएचक्यू-९ ही २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, ती वापरायला पैसे पडत नाहीत आणि ती छोटी आहे: मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २७. बेक यांची नैराश्याचीच बीडीआय-२ प्रश्नावली (१९९६) पाठ्यपुस्तकांमुळे जास्त ओळखीची असते, पण ती प्रकाशकाकडून विकत घ्यावी लागते आणि वापरणाऱ्याच्या पात्रतेची अट असते. कपाटात सापडलेली तिची झेरॉक्स वापरणं हा कॉपीराइटचा भंग आहे, आणि पदवी प्रकल्पांत तो फार सहज होतो.

फॉर्मच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं: ‘हा फॉर्म पूर्णपणे अनामिक आहे. तुमची माहिती कोणालाही कळणार नाही.’ ईमेल घेण्याचा पर्याय बंद केलेला होता. नाव विचारलेलं नव्हतं. विद्यार्थिनीने ते वाक्य मनापासून लिहिलं होतं, मार्गदर्शकांनीही वाचून मान्य केलं होतं.

काय घडलं

आधी स्वतःच्याच वर्गातल्या सहा जणांकडून फॉर्म भरून घेतला. प्रश्न समजतात का, किती वेळ लागतो, एवढंच बघायचं होतं. दुवा रात्री वर्गाच्या गटावर गेला. ज्याने भरला त्याने खाली ‘भरला’, ‘झाला गं’, ‘डन’ असं लिहून टाकलं, जसं कोणीही लिहितं.

फॉर्म भरला की उत्तरांच्या शीटमध्ये पहिल्या रकान्यात तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. एका ओळीसमोर ९ वाजून १३ मिनिटं. गटावर ९ वाजून १४ मिनिटांनी एकीचं ‘भरला’. त्याच्या पुढचा फॉर्म आला तो ४० मिनिटांनी. ओळख पटायला नाव लागलंच नाही.

त्या ओळीत नवव्या प्रश्नाला २ गुण होते. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न, आपण मेलेलंच बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार किती वेळा आले, असा आहे. २ म्हणजे ‘निम्म्याहून जास्त दिवस’.

विद्यार्थिनीने मार्गदर्शकांना मेसेज केला: ‘मॅडम, फॉर्ममधल्या एका उत्तराबद्दल बोलायचंय. आत्ता फोन करू का?’ या प्रकरणात चांगलं म्हणावं असं पहिलं पाऊल हेच. तिने मैत्रिणीला थेट काही विचारलं नाही, दुसऱ्या मैत्रिणीला सांगितलं नाही, शीटचा स्क्रीनशॉट पाठवला नाही. ‘सकाळी बघू’ असंही म्हटलं नाही.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी

मार्गदर्शकांपुढे तीन वाटा होत्या, आणि तिन्ही वाटांच्या बाजूने काहीतरी बोलता येण्यासारखं होतं.

पहिली, गप्प बसणं. अनामिकतेचा शब्द दिला होता, तो पाळायचा. पण तो शब्द आधीच मोडला होता. ओळख झालीच होती, आणि माहीत असूनही नसल्यासारखं वागणं याला वचन पाळणं म्हणता येत नाही. दुसरी वाट सहाही जणांना मदतीचा सर्वसाधारण मेसेज पाठवण्याची. फॉर्म खरोखर अनामिक असता तर एवढंच हातात होतं आणि तेच बरोबर ठरलं असतं. तिसरी वाट म्हणजे त्या व्यक्तीशी खासगीत बोलणं. मग बोलायचं कोणी?

विद्यार्थिनीने बोलू नये, कारण तिच्याकडे धोका जोखण्याचं प्रशिक्षण नाही आणि उद्या तिला त्याच बाकावर बसायचं आहे. मार्गदर्शकांनीही बोलू नये, कारण त्याच तिचे पेपर तपासणार. राहिल्या समुपदेशक. मार्गदर्शकांनी त्यांना त्याच रात्री फोन केला, नाव फक्त त्यांनाच सांगितलं आणि फॉर्म बंद केला. समुपदेशकांचा तो कॉलेजला येण्याचा दिवस नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. त्यांनी तिला भेटून आधी चूक कबूल केली, की उत्तर कोणाचं हे कळायला नको होतं, ते कळलं आहे आणि ते किती जणांना माहीत आहे. मगच विचारपूस केली. त्या भेटीत पुढे काय झालं ते प्रकल्पाच्या कोणत्याही कागदावर नाही, आणि ते तिथे असायचं कारणही नाही. उरलेल्या पाच जणांना त्याच दिवशी चाचणी थांबवल्याचं कारण (‘वेळेच्या नोंदीमुळे ओळख पटू शकते असं लक्षात आलं’) आणि मदत कुठे मिळेल ते कळवलं. आपली उत्तरं काढून टाकायला सांगण्याचा हक्कही त्यांना दिला.

दोन गोष्टी इथे नीट समजून घ्याव्यात. एक, नवव्या प्रश्नाला २ किंवा ३ गुण आले म्हणजे आत्ताच्या आत्ता जिवाला धोका आहे असा अर्थ होत नाही, आणि १ आला म्हणजे नाही असाही होत नाही. तो प्रश्न पुढच्या बोलण्याचं दार उघडतो, निदान करत नाही. दोन, असा प्रश्न विचारल्यानेच आत्महत्येचा विचार मनात रुजतो ही भीती संशोधनाने खरी ठरवलेली नाही. त्यामुळे ‘असं विचारायलाच नको होतं’ हा धडा चुकीचा. विचारायचं तर उत्तर आल्यावर कोण, किती वेळात, काय करणार हे आधी लिहून ठेवलेलं असायला हवं. इथे ते नव्हतं. आणि समोरची व्यक्ती आत्ता स्वतःला इजा करण्याच्या बेतात आहे असं दिसलं, तर समुपदेशकांच्या वाराची वाट बघायची नाही. तिला एकटं सोडायचं नाही, तातडीची वैद्यकीय मदत आणायची आणि घरच्यांना बोलवायचं.

चूक नेमकी कुठे होती

‘अनामिक’ आणि ‘गोपनीय’ हे दोन शब्द पदवीच्या अहवालांत सर्रास एकमेकांच्या जागी येतात. अनामिक म्हणजे उत्तर कोणाचं हे संशोधकालाही कळू शकत नाही. गोपनीय म्हणजे संशोधकाला कळतं, पण तो सांगत नाही. पहिल्यात मदत पोहोचवता येत नाही, दुसऱ्यात येते. म्हणून नैराश्यासारख्या विषयात गोपनीयतेचं वचन द्यावं, आणि त्याची मर्यादाही त्याच पानावर लिहावी. सुधारलेलं वाक्य असं झालं:

‘तुमची उत्तरं गोपनीय राहतील. ती फक्त संशोधक आणि मार्गदर्शक पाहतील. तुमच्या जिवाला धोका आहे असं एखाद्या उत्तरावरून वाटलं, तर कॉलेजच्या समुपदेशकांना कळवलं जाईल आणि त्या तुमच्याशी बोलतील. हे मान्य नसेल तर फॉर्म भरू नका. त्याचा तुमच्या गुणांवर किंवा हजेरीवर काही परिणाम होणार नाही.’

वेळेचा रकाना ही एक फट झाली. तो बंद केला असता तरी दुसरी फट त्याहून मोठी होती. फॉर्ममध्ये वर्ष (३ पर्याय), लिंग (२), राहण्याची सोय (२) आणि वय (१८ ते २२, म्हणजे ५) विचारलं होतं. गुणाकार करून बघा: ३ × २ × २ × ५ = ६० खाने. विभागात माणसं ४६. म्हणजे माणसांपेक्षा खाने जास्त! वयाचा आणि वर्षाचा मेळ असल्याने बरेच खाने रिकामे राहतील, पण उरलेल्यांतही ‘तिसरं वर्ष, मुलगा, वसतिगृह, २२’ असं म्हटलं की विभागातला कोणीही नाव सांगेल. मोठ्या लोकसंख्येतही हे घडतं. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं की टपालाचा पाच आकडी झिप कोड, लिंग आणि जन्मतारीख या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली अंदाजे ८७ टक्के माणसं एकमेव ठरू शकतात. ४६ जणांत जन्मतारखेचीही गरज पडत नाही.

यावरचा उपाय आकडेमोडीचाच आहे. विश्लेषणात जे वापरणार नाही ते विचारायचंच नाही. सहसंबंध फक्त लक्षणं आणि गुणांचा काढायचा होता. राहण्याची सोय ‘असू दे माहिती म्हणून’ घेतली होती. जे विचाराल त्याचे गट एवढे मोठे ठेवा की कुठल्याही खान्यात पाचपेक्षा कमी माणसं उरणार नाहीत. आणि फॉर्म तयार झाला की स्वतःची उत्तरं भरून वर्गातल्या एकाला दाखवा: ‘हे कोणी भरलं असेल?’ त्याने ओळखलं तर फॉर्म अजून तयार नाही.

नववा प्रश्न गाळून पीएचक्यू-८ वापरायची सूचना पुढे आली. ती अधिकृत आवृत्ती आहे आणि सर्वेक्षणांत वापरतात. पण एकूण गुण २० च्या पुढे गेलेला फॉर्म समोर आला तरीही काहीतरी करावं लागतंच, फक्त प्रश्न गाळून ती जबाबदारी संपत नाही. दुसऱ्या कॉलेजात, तिथल्या समुपदेशकांमार्फत, बंद पाकिटांतून हा अभ्यास नीट करता आला असता. पण त्यासाठी परवानग्या लागतात आणि तोवर तीन आठवडे गेले होते. म्हणून विषयच सोडला.

विषय सोडण्याचं दुसरं कारण

नैतिकतेचा प्रश्न सुटला असता तरी हा अभ्यास आकड्यांवर कोसळलाच असता, आणि हे सुरुवातीलाच कळायला हवं होतं.

मानसशास्त्रात ०.३० चा सहसंबंध मध्यम आकाराचा मानला जातो. तो पकडण्याची शक्यता, म्हणजे पॉवर, ८० टक्के हवी असेल तर अंदाजे ८५ माणसं लागतात. ४६ पैकी ३८ जणांनी फॉर्म भरला असता असं धरू. ३८ जणांत ०.०५ पातळीवर सहसंबंध सार्थ ठरायला, म्हणजे मुळात संबंध नसताना तो योगायोगाने येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असायला, तो किमान ०.३२ यावा लागतो. खरा सहसंबंध ०.३० असताना ३८ जणांच्या नमुन्यात तो सार्थ येण्याची शक्यता जेमतेम ४५ टक्के. नाणं उडवण्यापेक्षाही कमी! आणि आलाच, तर तो खऱ्यापेक्षा फुगलेलाच दिसणार, कारण ०.३२ हून लहान आकड्याला सार्थ ठरण्याची वाटच नाही.

लहान कॉलेजात इथे नेहमीचा सल्ला मिळतो, ‘नमुना लहान होता असं मर्यादांमध्ये लिहून टाक.’ हा सल्ला देऊ नये. मर्यादा अहवालाच्या शेवटी लिहायच्या असतात हे खरं, पण पटसंख्या पहिल्याच दिवशी माहीत होती. माणसं वाढवता येत नसतील तर रचना बदलायची. एकाच माणसाकडून दोन्ही परिस्थितींत मोजमाप घेतलं की माणसामाणसांतला फरक हिशेबातून निघून जातो. दोन स्वतंत्र गटांत ०.५ चा मध्यम परिणाम (सरासऱ्यांतला फरक प्रमाण विचलनाच्या, म्हणजे गुणांच्या पसरटपणाच्या, निम्मा) पकडायला प्रत्येकी ६४, म्हणजे १२८ जण लागतात. एकाच माणसाच्या दोन मोजमापांच्या या जोडीच्या रचनेत ३४ पुरतात. (दोन्हीकडचं ०.५ अगदी एकाच मोजपट्टीवरचं नाही, कारण जोडीच्या रचनेत भागाकार फरकांच्या प्रमाण विचलनाने होतो. तरी अंदाज यायला हे पुरेसं आहे.) हे हिशेब जी-पॉवर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांत होतात.

नवी रचना

विद्यार्थिनीला ओढ होती ती अभ्यास आणि गुण यांची. तोच धागा धरून प्रश्न ठरला: उतारा पुन्हा वाचला तर जास्त दिवस लक्षात राहतो, की न बघता आठवून लिहिला तर? आठवून बघितल्याने जास्त लक्षात राहणं, हाच टेस्टिंग इफेक्ट. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग त्यासाठी आदर्श आहे, कारण त्याला कागद, पेन आणि घड्याळ सोडून काही लागत नाही. त्यांच्या पहिल्या प्रयोगात १२० विद्यार्थी होते. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर चित्र उलटं, ४२ टक्के विरुद्ध ५६.

सहभागी कोण? तिसऱ्या वर्षाला टेस्टिंग इफेक्ट अभ्यासाला आहे, त्यामुळे ते विद्यार्थी बाद. गृहीतक ठाऊक असलेले मित्र मदत म्हणून हवं तसं वागतात. मार्टिन ऑर्न यांनी १९६२ मध्ये हेच दाखवून दिलं, आणि लहान कॉलेजात प्रयोग करणारी प्रत्येकाचीच मैत्रीण असते. म्हणून पहिल्या वर्षाचे १४ आणि इतर विषयांचे विद्यार्थी घेतले. ४० जणांनी नावं दिली, ३६ आले. सूचना शिक्षकांनी वर्गात न देता ग्रंथालयातल्या फलकावर लावली. परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी ‘कोणाला यायचंय?’ विचारलं तर हात वर होतात, पण त्याला संमती म्हणता येत नाही. सहभागासाठी गुण द्यायचे असतील तर तितकेच गुण मिळवायचा दुसरा सोपा पर्याय ठेवावा लागतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. इथे गुण ठेवलेच नाहीत. यावेळी आराखडा तीन जणांनी वाचला: समुपदेशक, दुसऱ्या विभागातले एक शिक्षक आणि ग्रंथपाल. समिती नसेल तर निदान एवढं करता येतं.

उतारे दोन, प्रत्येकी अंदाजे २६० शब्दांचे, प्रत्येकात मोजलेले ३० मुद्दे. एक (अ) प्राण्याविषयी, एक (ब) खगोलशास्त्राचा. एका उताऱ्यासाठी वेळापत्रक असं: ७ मिनिटं वाचन, २ मिनिटं गुणाकाराची गणितं, ७ मिनिटं पुन्हा वाचन किंवा आठवून लिहिणं. मग ५ मिनिटं विश्रांती आणि दुसरा उतारा. एकूण ३७ मिनिटं, सूचना धरून एक तास. गणितं मध्ये का, तर नुकतं वाचलेलं मनात घोळवत बसता येऊ नये म्हणून.

उतारा सोपा-अवघड असू शकतो आणि दुसऱ्या उताऱ्यापर्यंत माणूस थकतो. या दोन्ही गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्या वाटायच्या तर चार पुस्तिका लागतात:

| पुस्तिका | पहिली फेरी | दुसरी फेरी |
|---|---|---|
| १ | अ – पुन्हा वाचन | ब – आठवून लिहिणं |
| २ | अ – आठवून लिहिणं | ब – पुन्हा वाचन |
| ३ | ब – पुन्हा वाचन | अ – आठवून लिहिणं |
| ४ | ब – आठवून लिहिणं | अ – पुन्हा वाचन |

इथे एक गोष्ट सरावाच्या वेळी सापडली, जी पुस्तकात लिहिलेली नसते. चारही पुस्तिका एकाच खोलीत वाटल्या तर पुस्तिका २ वाला ‘अ’ आठवून लिहीत असतो आणि शेजारचा पुस्तिका १ वाला तोच ‘अ’ उघडून वाचत असतो. मान जरा वळली की झालं. म्हणून एका खोलीत फक्त १ आणि ४, दुसरीत २ आणि ३. आता कुठल्याही फेरीत, जो उतारा कोणी आठवतो आहे तो त्या खोलीत कोणाच्याही समोर उघडा नसतो. कोणी कोणत्या खोलीत जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. वर्गाप्रमाणे पाठवलं असतं तर खोलीचा फरक आणि वर्गाचा फरक एकमेकांत मिसळले असते. प्रत्येक पुस्तिकेला ९ जण आले.

लहान कॉलेजातला दुसरा धोका म्हणजे बातमी. पहिल्या दिवशी आलेला संध्याकाळी सांगणार, ‘आठवड्याने परत तेच लिहायला लावणार आहेत.’ म्हणून सगळी पहिली सत्रं दोन दिवसांत उरकली, आणि सगळ्यांना एकच वाक्य सांगितलं: ‘पुढच्या आठवड्यात याच वेळी दुसरा भाग आहे.’ काय भाग ते सांगितलं नाही. सगळं संपल्यावर पूर्ण उलगडा केला. शेवटच्या कागदावर विचारलं: मधल्या काळात या उताऱ्यांबद्दल कोणाशी बोललात का, काही वाचलंत का? तिघांनी हो लिहिलं. त्यांचं काय करायचं हे आकडे बघायच्या आधीच ठरलेलं होतं, की विश्लेषण त्यांना धरून एकदा आणि वगळून एकदा, दोन्ही अहवालात. हे ‘आधीच’ दाखवता यावं म्हणून आराखडा तारखेसह ओपन सायन्स फ्रेमवर्क या संशोधन नोंदवण्याच्या संकेतस्थळावर नोंदवून ठेवला.

दुसऱ्या सत्राला ३२ जण आले (पुस्तिकांप्रमाणे ८, ९, ७, ८). चौघं गेले ते एकाच विभागाचे, त्यांची त्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा निघाली. कॉलेजचं परीक्षांचं वेळापत्रक आधी बघितलं असतं तर ते वाचले असते. निदान गळती कुठल्या एका अभ्यासपद्धतीमुळे झाली नाही, कारण गेलेला माणूस दोन्ही बाजूंतून एकदमच जातो. ३४ च्या जागी ३२ म्हणजे पॉवर सुमारे ७८ टक्क्यांवर आली.

तपासणी आणि आकडे

उत्तरपत्रिका दोघींनी वेगवेगळ्या तपासल्या, विद्यार्थिनीने आणि दुसऱ्या वर्षाच्या एकीने. पत्रिकेवर फक्त सांकेतिक क्रमांक, पुस्तिका कोणती ते झाकलेलं. पहिल्या आठ पत्रिकांवर गुण बरेच वेगळे आले. कारण शोधलं तर एक जण उताऱ्यातला शब्द मागत होती आणि दुसरी अर्थावर गुण देत होती. मग नियम लिहिले: अर्थ बरोबर असेल तर १, अर्धा गुण कुठेच नाही, आकडा चुकला तर त्या मुद्द्याला ०, एका वाक्यात दोन मुद्दे असतील तर २. त्या आठ पत्रिका नव्याने तपासून मग बाकीच्या घेतल्या. ही पायरी गाळली तर मोजपट्टीच प्रत्येक कागदावर बदलते आणि पुढची कोणतीही चाचणी ते दुरुस्त करू शकत नाही.

३० पैकी सरासरी: आठवून लिहिलेल्या उताऱ्याला १३.६, पुन्हा वाचलेल्याला १०.७. दोन्हीकडे प्रमाण विचलन ७.

विद्यार्थिनीने जामोवी या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरले आणि सवयीने स्वतंत्र गटांची टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी) लावली, कारण वर्गात उदाहरणं तिचीच सोडवली होती. टी = १.६६, पी (मुळात फरक नसताना योगायोगाने एवढा फरक येण्याची शक्यता) अंदाजे ०.१०. तिला वाटलं प्रयोग फसला. वास्तविक ३२ जणांचे ६४ आकडे तिने ६४ वेगळ्या माणसांचे म्हणून मोजले होते. ज्याची स्मरणशक्ती चांगली त्याचे दोन्ही गुण जास्त, ज्याची कमी त्याचे दोन्ही कमी. दोन गुणांतला सहसंबंध ०.६३ होता. प्रत्येकाच्या दोन गुणांतला फरक काढला की फरकांची सरासरी २.९ आणि प्रमाण विचलन ६.०. आता ६.० भागिले ३२ चं वर्गमूळ, म्हणजे १.०६, २.९ भागिले १.०६ म्हणजे टी = २.७३, ३१ स्वातंत्र्यमात्रांवर (३२ वजा १) पी = ०.०१०. आकडे तेच, कागद तेच. फक्त रचनेला साजेशी चाचणी लावली. ज्या रचनेसाठी एवढा खटाटोप केला तिचा फायदा एका चुकीच्या क्लिकने गेला होता.

अहवालात पी-मूल्यापाशी थांबू नये. फरकाची ९५ टक्के विश्वास-मर्यादा ०.७ ते ५.१ मुद्दे आली. म्हणजे आठवून लिहिण्याचा फायदा ३० पैकी एका मुद्द्याइतका किरकोळ असू शकतो किंवा पाच मुद्द्यांइतका मोठा. हे वाक्य ‘गृहीतक सिद्ध झालं’ यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे, आणि परीक्षक विचारतात ते याच मर्यादेबद्दल. तिघांना वगळल्यावर दिशा तीच राहिली, मर्यादा रुंदावली, दोन्ही छापलं.

सोडून दिलेल्या पहिल्या अभ्यासाला अहवालात एक परिच्छेद मिळाला: कोणती प्रश्नावली, किती जण, का थांबवला, संमतीच्या मजकुरात काय बदल सुचतो. त्यात नवव्या प्रश्नाचा गुण नाही, वेळ नाही, ‘एक विद्यार्थिनी’ असाही उल्लेख नाही. १२ जणांच्या वर्गात तेवढंही पुरलं असतं.

उत्तरं नष्ट करणं सोपं वाटलं होतं. ऑनलाइन फॉर्म पुसला, तरी त्याला जोडलेली शीट वेगळी फाइल असल्याने ती तशीच होती. ती पुसली, तर मार्गदर्शकांना पहिल्या रात्री ईमेलने पाठवलेली प्रत ‘सेंट’मध्ये आणि त्यांच्या ‘इनबॉक्स’मध्ये होती. तीही गेली. शेवटची प्रत आठवड्याने सापडली, विद्यार्थिनीच्या फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये. शीट एकदा फोनवर उघडून बघताना ती आपोआप उतरली होती. तिथली सहा ओळींची फाइल मार्गदर्शकांसमोर पुसली, रिसायकल फोल्डर रिकामा केला, आणि तारीख टाकून दोघींनी वहीत सही केली.